शेपटीवाली क्रियापदे



मराठीच्या वर्गाच्या अंकात इंग्रजीचा धडा पाहून तुम्हांला आश्चर्य वाटेल. 'शनिवारची सकाळ आपण मराठीसाठी राखून ठेवली आहे, मग हे काय मध्येच?' असे कोणी विचारील. म्हणून आधी एक खरी गोष्ट सांगतो. ती आपल्याच वर्गातल्या एका घरातली आहे. त्या बाबांनी ती आम्हांला चहाच्या सुट्टीत सांगितली आणि म्हणाले, "नाव न घालता छापा. दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडेल."

हे बाबा साताऱ्याकडचे. मराठी शाळेत शिकलेले, इंग्रजीची सुरुवात पाचवीपासून. पुढे इंजिनियर झाले आणि कामानिमित्त इंग्लंडला आले. कचेरीतले चाळीस पानी अहवाल ते सहज वाचतात आणि लिहितातही. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा नव्या शाळेत जाऊ लागला. एका संध्याकाळी बाबा कांदा चिरत होते. मुलगा दारात येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "बाबा, दे कीप पिकिंग ऑन मी."

'पिक' म्हणजे निवडणे, वेचणे. हा अर्थ बाबांना पाठ होता. ते खूश होऊन म्हणाले, "अरे वा! रोज तुलाच निवडतात? शाब्बास!"

मुलगा काहीच बोलला नाही. वर आपल्या खोलीत निघून गेला. दोन आठवड्यांनी मोठ्या बहिणीने सांगितले तेव्हा बाबांना कळले, की 'पिक ऑन' म्हणजे निवडणे नव्हे. एकालाच धरून त्याला पुन्हा पुन्हा त्रास देणे, याला 'पिक ऑन' म्हणतात. मुलगा मदत मागायला आला होता आणि बाबांनी त्याला शाब्बासकी दिली होती.

"एवढासा 'ऑन', आणि त्यापायी दोन आठवडे गेले," असे ते बाबा म्हणाले. त्या एवढ्याशा शब्दांविषयी आज आपण बोलणार आहोत.

शेपटी म्हणजे काय?

इंग्रजीत 'गिव्ह', 'टेक', 'पुट', 'गेट', 'टर्न', 'लुक', 'गो', 'कम' अशी काही लहान लहान क्रियापदे आहेत. त्यांच्यामागे 'अप', 'डाउन', 'इन', 'आउट', 'ऑन', 'ऑफ', 'अवे', 'बॅक' असा एखादा छोटा शब्द लागला की अर्थ बदलतो. कधी थोडा बदलतो, तर कधी पार उलटापालटा होतो. 'गिव्ह' म्हणजे देणे, पण 'गिव्ह अप' म्हणजे नाद सोडणे किंवा हार मानणे. 'लुक' म्हणजे पाहणे. मात्र 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे, 'लुक फॉर' म्हणजे शोधणे, 'लुक इन्टू' म्हणजे चौकशी करणे आणि 'लुक डाउन ऑन' म्हणजे एखाद्याला कमी लेखणे.

व्याकरणात यांना 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. वर्गात आम्ही त्यांना 'शेपटीवाली क्रियापदे' म्हणतो, कारण मुलांना ते नाव आवडते आणि चटकन लक्षात राहते. शेपटीकडे पाहिल्याशिवाय प्राणी ओळखता येत नाही, तसेच हे आहे.

ही क्रियापदे अवघड वाटली तर वाईट वाटून घेऊ नका. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश छापला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनीच म्हटले आहे, की परक्यांना इंग्रजीत सर्वांत जड जाते ती ही गोष्ट. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मात्र बरेच नंतरचे आहे. लोगन पिअर्सल स्मिथ यांनी १९२५ सालच्या पुस्तकात ते वापरले.

मुलांना सोपे, मोठ्यांना अवघड. असे का?

आपल्या घरांत एक गंमत दिसते. आईबाबांना 'एक्स्टिंग्विश', 'पोस्टपोन', 'टॉलरेट', 'इन्व्हेस्टिगेट' हे जड शब्द येतात. मुलांना ते येत नाहीत. मुले म्हणतात 'पुट आउट', 'पुट ऑफ', 'पुट अप विथ', 'लुक इन्टू'. दोघांचे म्हणणे एकच असते, फक्त शब्द दोन वेगळ्या घरांतले असतात.

याला इतिहास आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर दरबारात, न्यायालयात फ्रेंच चालू लागली. विद्येची आणि चर्चची भाषा लॅटिन होतीच. त्यामुळे त्या दोन भाषांतले असंख्य शब्द इंग्रजीत शिरले. स्वयंपाकघरात, शेतात, रस्त्यावर मात्र जुनी, घरची क्रियापदेच चालू राहिली. म्हणून आजही अर्जात आणि अहवालात लॅटिन वळणाचा शब्द दिसतो, आणि बोलताना शेपटीवाला शब्द येतो.

आपल्याकडेही असेच आहे. गाडीवर 'अग्निशमन दल' असे लिहिलेले असते, पण आग लागली की आपण ओरडतो, "आग विझवा!" कोणी "अग्नीचे शमन करा!" असे ओरडत नाही. आपण मोठ्यांनी इंग्रजी पुस्तकातून घेतले. कित्येकांच्या घरी तर्खडकरांची 'भाषांतर पाठमाला' असे, आणि तिच्यातली वाक्ये आजोबा पाठ म्हणून घेत. त्या शिक्षणाने पाया पक्का झाला, यात शंका नाही. पण ते शिक्षण डोळ्यांचे होते. मुलांनी हीच भाषा मैदानावर, कानांनी घेतली.

कानांवरून आठवले. बोलताना हे शब्द सुटे सुटे राहत नाहीत. 'टर्न इट ऑफ' हे तीन शब्द आपण कागदावर पाहतो, पण ऐकू येते ते 'टर्निटॉफ'. 'पुट इट ऑन' ऐकू येते 'पुटिटॉन' असे. मागच्या व्यंजनाला पुढचा स्वर चिकटतो. हे आपल्याला नवे नाही. 'निर् + अंतर = निरंतर' ही संधी आपण शाळेत सोडवली आहे. इथेही तीच युक्ती करा. कानाला एक लांबलचक अनोळखी शब्द आला, की मनातल्या मनात त्याची संधी सोडवा. आत बहुतेक वेळा एक छोटे क्रियापद आणि त्याची शेपटी सापडते.

शेपट्यांचे स्वभाव

प्रत्येक क्रियापदाची यादी पाठ करायला बसलात, तर कंटाळाल. त्यापेक्षा शेपटीचा स्वभाव ओळखा. तो नेहमीच उपयोगी पडतो असे नाही, पण पुष्कळदा पडतो.

'अप' म्हणजे वर, हे तर खरेच. पण क्रियापदामागे तो अनेकदा 'पूर्ण, सगळे, शेवटपर्यंत' असे सांगतो. 'ईट' म्हणजे खा. 'ईट अप' म्हणजे पानात काही टाकू नकोस, सगळे खाऊन टाक. 'ड्रिंक अप', 'यूज अप', 'क्लीन अप' हे सगळे याच जातीचे.

'ऑन' पुष्कळदा 'चालू राहू दे' असे म्हणतो. 'गो ऑन', 'कॅरी ऑन', 'कीप ऑन' यांत थांबायचे नसते. त्या मुलाच्या वाक्यात 'कीप' आणि 'ऑन' दोन्ही होते, ते पाहा. तिथला 'ऑन' मात्र चालू राहण्याचा नव्हे, अंगावर येण्याचा. पुन्हा पुन्हा घडते हे 'कीप' सांगत होता.

'आउट' कधी बाहेर काढतो, तर कधी संपवतो. 'फाइंड आउट' म्हणजे शोधून काढणे. 'वी हॅव रन आउट ऑफ मिल्क' म्हणजे दूध संपले. यात कोणी धावत नाही.

'बॅक' परत आणतो: 'कम बॅक', 'गिव्ह बॅक', 'रिंग बॅक'.

'अवे' दूर नेतो: 'गो अवे', 'थ्रो अवे', 'रन अवे'.

सर्वांत खट्याळ शेपटी 'ऑफ'. ही चार वाक्ये पाहा. 'द लाइट वेंट ऑफ' म्हणजे दिवा बंद झाला. 'द अलार्म वेंट ऑफ' म्हणजे गजर वाजू लागला, म्हणजे अगदी उलट! 'द मिल्क वेंट ऑफ' म्हणजे दूध नासले. आणि 'बाबा वेंट ऑफ टू वर्क' म्हणजे बाबा कामाला निघाले. लक्षात ठेवायला एक युक्ती सांगतो. 'ऑफ' म्हणजे सुटणे. दिव्याची वीज सुटली, गजर दाबून ठेवला होता तो सुटला, दुधाचा चांगुलपणा सुटला आणि बाबा घरातून सुटले.

आणखी एक गंमत. टेलिफोनवर 'हँग ऑन' म्हणजे थांबा, ठेवू नका. 'हँग अप' म्हणजे फोन ठेवा. जुन्या काळी टेलिफोनचा कानाला लावायचा भाग बोलणे झाल्यावर आकड्याला टांगून ठेवत, त्यावरून हे 'हँग अप' आले. आता ना आकडा राहिला ना टांगणे, पण शब्द राहिला.

शाळेच्या दारातही एक वाक्य ऐकू येते. "वी ब्रेक अप ऑन फ्रायडे." हे ऐकून घाबरू नका. कोणाचे भांडण झालेले नाही. इंग्लंडात शाळेचे सत्र संपून सुट्टी लागते, त्याला 'ब्रेक अप' म्हणतात. अमेरिकेतल्या मामेभावंडांना मात्र हे कळणार नाही. त्यांना 'वॉश अप' म्हणालात, तर ते हातपाय धुऊन येतील. इथे 'वॉश अप' म्हणजे जेवणाची भांडी घासणे. अर्ज आपण 'फिल इन' करतो, ते 'फिल आउट' करतात. त्यामुळे शेपटी कोणत्या गावची आहे, तेही पाहावे लागते.

'इट' कुठे ठेवायचे?

आता थोडे व्याकरण. थोडेच आहे, पान उलटू नका.

'टर्न ऑफ द लाइट' बरोबर. 'टर्न द लाइट ऑफ' हेही बरोबर. पण 'लाइट' ऐवजी 'इट' आले, की ते मध्येच बसले पाहिजे: 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' असे कोणी म्हणत नाही. तसेच 'पुट इट ऑन', 'पिक हिम अप', 'रिंग मी बॅक'. 'इट', 'हिम', 'हर', 'मी', 'देम' ही लहान माणसे मध्ये बसतात, हे लक्षात ठेवा.

काही क्रियापदे मात्र शेपटीला घट्ट चिकटलेली असतात. त्यांच्यामध्ये कोणालाच जागा नसते: 'लुक आफ्टर हिम', 'लुक फॉर इट', 'पिक ऑन मी', 'पुट अप विथ देम'.

दोन्ही प्रकार कानाने ओळखण्याची एक खूण आहे. 'लुक इट अप' म्हणताना जोर 'अप'वर येतो. 'लुक अ‍ॅट इट' म्हणताना जोर 'लुक'वर राहतो आणि 'अ‍ॅट' जेमतेम ऐकू येतो. पालकहो, मुलांना ही दोन वाक्ये मोठ्याने म्हणायला सांगा आणि नुसते ऐका. मुलांना नियम सांगता येणार नाही, पण ती चुकणारही नाहीत.

आपल्या नेहमीच्या चार चुका

या चुका आमच्याही होतात, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

एक: "ऑफ द लाइट." आपण मराठीत "लाइट ऑफ कर" म्हणतो, त्यातला 'कर' इंग्रजीत हरवतो. 'ऑफ' ही नुसती शेपटी आहे. तिला 'टर्न' किंवा 'स्विच' हवे.

दोन: "कट द फोन." 'फोन कट कर' हे आपले घरगुती वाक्य. इथे 'हँग अप' म्हणतात.

तीन: "कोप अप विथ." इथे आपण नको असलेली शेपटी लावतो. नुसते 'कोप विथ' पुरते.

चार: "आय लुक फॉरवर्ड टू मीट यू." पत्राच्या शेवटी हे फार दिसते. 'लुक फॉरवर्ड टू' नंतर 'मीटिंग' येते, 'मीट' नाही.

याच रांगेत 'प्रीपोन'ही घाला. भारतातल्या कचेरीत तो शब्द सगळ्यांना कळतो, पण इथे समोरचा माणूस कोड्यात पडण्याचा संभव आहे. बैठक अलीकडे आणायची असेल, तर 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणा.

मराठीलाही शेपटी आहे!

आता मुलांनो, तुमची पाळी. इतका वेळ तुम्ही हसत होतात, हो ना? आपल्या मराठीत क्रियापदामागे दुसरे क्रियापद येते आणि अर्थाला रंग चढवते. 'कर' हे साधे क्रियापद घ्या.

'करून टाक' म्हणजे आता एकदाचे संपव.
'करून ठेव' म्हणजे आधीच तयार ठेव, पुढे लागेल.
'करून दे' म्हणजे दुसऱ्यासाठी कर.
'करून घे' म्हणजे स्वतःसाठी कर, किंवा दुसऱ्याकडून करवून घे.
'करून बघ' म्हणजे प्रयत्न कर, जमते का पाहा.
आणि 'हे काय करून बसलास!' म्हणजे नको ते केलेस.

या शेवटच्या वाक्यावर आमच्या वर्गातल्या एका मुलीने विचारले होते, "पण तो उभाच होता, मग बसला कधी?" प्रश्न अगदी बरोबर आहे. 'करून बसला' यात कोणी बसत नाही, तसेच 'रन आउट ऑफ मिल्क' मध्ये कोणी धावत नाही.

आता ही जोडी पाहा. डावीकडचे मुलांना येते, उजवीकडचे आईबाबांना.

ईट अप – खाऊन टाक
गिव्ह अवे – देऊन टाक
थ्रो अवे – फेकून दे
पुट अवे – ठेवून दे
राइट डाउन – लिहून घे
सेव्ह अप – साठवून ठेव
फाइंड आउट – शोधून काढ
रन अवे – पळून जा
ट्राय ऑन – घालून बघ

दोन्ही भाषा किती जवळ आल्या, पाहिलेत? सकाळचेच उदाहरण घ्या. इंग्रजीत 'वेक अप' वेगळे आणि 'गेट अप' वेगळे. आपल्याकडेही जाग येणे वेगळे आणि उठणे वेगळे. सातला जाग आली तरी रविवारी कोणी सातला उठत नाही! बसमध्ये आणि आगगाडीत आपण 'गेट ऑन' करतो, मोटारीत 'गेट इन' करतो. मराठीत आपण बसमध्ये चढतो आणि मोटारीत बसतो. चढायच्या गाडीला 'ऑन', नुसते बसायच्या गाडीला 'इन', एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

म्हणून पालकहो, मूल 'मी ते खाल्लं' म्हणाले, तर चूक काढू नका. ते बरोबरच आहे. फक्त पुढे म्हणा, "सगळं खाऊन टाकलंस? वा!" असे दहादा कानावर पडले, की अकराव्या वेळी ते मूल आपणहून 'खाऊन टाकलं' म्हणते. तुमच्या मुलांनी 'ईट अप' असेच घेतले आहे. त्यांना कोणी यादी पाठ करायला दिली नव्हती.

दुसऱ्या बाजूची गोष्ट

पहिल्या गोष्टीत बाबा चुकले. दुसरीत एक मुलगी चुकली, म्हणून तीही सांगायला हवी. तिनेही परवानगी दिली आहे.

आई अंघोळीला गेली होती. सांगलीहून मावशीचा फोन आला, तो मुलीने घेतला. मावशी घाईत होती, आवाज नीट येत नव्हता. ती म्हणाली, "आईला सांग, नानाकाका गेले." मुलीला 'गेले' हा शब्द चांगला ठाऊक होता. आई बाहेर आल्यावर तिने सांगितले, "नानाकाका हॅज गॉन समव्हेअर." आईला वाटले, ठरल्याप्रमाणे ते पंढरपूरला निघाले असतील. दोन तासांनी दुसरा फोन आला तेव्हा खरे कळले. मुलगी खूप रडली. नानाकाकांसाठी रडली, आणि आपण निरोप चुकीचा दिला म्हणूनही रडली. आईने तिला जवळ घेऊन सांगितले, "चूक तुझी नाही गं. तो शब्दच तसा आहे. आम्ही तुला कधी सांगितलाच नव्हता."

मोठी माणसे दुःखाची गोष्ट नेहमी मऊ शब्दात बोलतात. मराठीत माणूस 'जातो'. इंग्रजीतही 'पास अवे' म्हणतात, म्हणजे तिथेही माणूस दूर जातो. हे शब्द कोशात पाहून समजतात, पण वेळेवर समजायचे असतील, तर ते कोणीतरी आधी सांगून ठेवायला हवेत. 'सांगून ठेवायला' या शब्दातली शेपटीही पाहा!

मनातले शब्द

आता या लेखाचे मूळ कारण सांगतो. मुले शाळेतून घरी आली, की सुखदुःख सांगताना जड शब्द वापरत नाहीत. 'आय वॉज एक्सक्लूडेड' असे सात वर्षांचे मूल म्हणत नाही. ते म्हणते, "दे लेफ्ट मी आउट." म्हणून प्रत्येक घरात मोठ्यांना निदान एवढे शब्द तरी माहीत हवेत:

पिक ऑन – एकालाच धरून छळणे
लीव्ह आउट – खेळात, गप्पांत न घेणे, वगळणे
फॉल आउट – भांडण होऊन अबोला धरणे
मेक अप – पुन्हा गट्टी होणे
टेल ऑफ – रागावणे. बाई रागावल्या, तर मूल 'शी टोल्ड मी ऑफ' म्हणेल
पुट डाउन – चारचौघांत कमीपणा आणणे
लेट डाउन – ऐन वेळी दगा देणे, निराशा करणे
गेट ऑन विथ – कोणाशी जमणे, पटणे
ओन अप – आपली चूक कबूल करणे
स्टँड अप फॉर – कोणाची बाजू घेऊन उभे राहणे

'मेक अप' ऐकून तोंडाला लावायची पावडर आठवते, हे आम्हांला ठाऊक आहे. पण "वी मेड अप" म्हणत मूल उड्या मारत घरी आले, तर त्याची मैत्रीण त्याला परत मिळाली आहे, एवढे समजा आणि आनंदात सामील व्हा.

एखादा शब्द कळला नाही, तर तसे सांगायला लाजू नका. "म्हणजे काय रे? मला नीट सांग" असे विचारा. मूल समजावून सांगायला बसते, आणि सांगता सांगता मनातले आणखी काही बोलून जाते. अर्धवट समजून 'हो हो' म्हणण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

घरी करायचा खेळ

फ्रिजवर एक कागद लावा आणि मध्ये उभी रेघ ओढा. डाव्या बाजूला मुलांनी आठवड्यात ऐकलेले एक शेपटीवाले इंग्रजी क्रियापद लिहायचे, पण देवनागरीत! उजव्या बाजूला आईबाबांनी किंवा आजीआजोबांनी 'करून टाक' सारखे एक मराठी क्रियापद लिहायचे. नुसता शब्द चालणार नाही. तो कुठे ऐकला, कोण कोणाला म्हणाले, हे पूर्ण वाक्यात लिहायचे. रात्री जेवताना एकमेकांना समजावून सांगायचे. आठवड्याला एक धरले, तरी वर्षात पन्नास होतात. जेवताना मुले मास्तर आणि बाबा विद्यार्थी होतात, ही त्यातली खरी मजा.

जाता जाता त्या पहिल्या गोष्टीचा शेवट सांगतो. बाबा दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन बाईंशी बोलले. एका दिवसात सारे थांबले नाही, पण हळूहळू थांबले. एका रात्री झोपण्यापूर्वी मुलगा म्हणाला, "बाबा, यू स्टूड अप फॉर मी." या वेळी बाबांनी घाई केली नाही. "म्हणजे काय, मला सांग," असे म्हणून ते त्याच्या पलंगावर बसले. मुलाने मराठीत शब्द शोधला, थोडा अडखळला आणि म्हणाला, "म्हणजे... तू माझ्या मागे उभा राहिलास."

"पाठीशी," बाबा म्हणाले. "पाठीशी उभा राहिलो, असं म्हणतात."

त्या आठवड्यात त्यांच्या फ्रिजवरच्या कागदावर दोन्ही बाजूंना तेच लिहिलेले होते.

स्वाध्याय

मुलांसाठी: पुढील वाक्यांचा अर्थ इंग्रजीत सांगा आणि प्रत्येकाचे एक नवे वाक्य करा.
१. आजीला पत्र लिहून टाक.
२. हा सदरा घालून बघ.
३. मी किल्ली कुठे ठेवली तेच विसरून गेलो.
४. काका, जाताना आमच्याकडे येऊन जा.

पालकांसाठी: पुढील वाक्यांचा अर्थ मराठीत सांगा. मुलांना विचारायला पूर्ण परवानगी आहे!
१. द मॅच वॉज कॉल्ड ऑफ.
२. आय नॉडेड ऑफ इन द ट्रेन.
३. शी टर्न्ड डाउन द जॉब.
४. ही टेक्स आफ्टर हिज आजोबा.

उत्तरे पुढच्या शनिवारी वर्गात सांगू. फ्रिजवरचे कागदही घेऊन या. चांगली वाक्ये पुढच्या अंकात छापू.